नवख्या हाताचे पुस्तक

गेल्या उन्हाळ्यात माझा पुतण्या पंधरा दिवसांच्या सुटीवर पुण्याहून वर्ध्यास आला, तेव्हा तो निम्मा झाला होता. नोकरी चांगली, पगार चांगला. जेवण तेवढे डब्याचे नाही तर पुडक्यातले. पोट बिघडले तेव्हा डॉक्टरांनी सांगितले, "घरचे खा." आता घर वर्ध्याला आणि पोट पुण्याला, तेव्हा घरचे खावे तरी कसे? आल्या दिवशीच तो मला म्हणाला, "काकू, स्वयंपाकाचं एखादं पुस्तक सांगा. ज्याला काही म्हणजे काही येत नाही, अशा माणसाचं."

त्याची आई, म्हणजे माझ्या धाकट्या जाऊबाई, समोर आंबाडी निवडीत बसल्या होत्या. त्या आर्वी तालुक्यातल्या. मान वर न करताच त्या म्हणाल्या, "पोराले पुस्तक कायले पायजे, ताई? लगन करून टाकू त्याचं, म्हंजे झालं. अन् मी का पुस्तकात पाहून शिकली होती?"

या दोन वाक्यांत पाकपुस्तकांवरचे दोन्ही जुने आक्षेप आले. स्वयंपाक पुस्तकाने येत नाही, हा पहिला. आणि पुरुषाला तो येण्याचे कारण नाही, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर सोपे होते. "नळराजा काय आणि विराटाच्या घरचा बल्लव काय, लग्न झालेलेच होते की!" असे मी म्हणताच जाऊबाई हसल्या. पहिल्याचे उत्तर मात्र मला तिथल्या तिथे देता येईना. माझ्या फळीवर पाककृतींची पाचसहा पुस्तके आहेत. भाच्या-पुतण्यांच्या लग्नांत मी तशी पुस्तके आहेर म्हणून कितीदा तरी दिली आहेत. पण नवख्या माणसाच्या हाती ती पडल्यावर पुढे काय होते, हे मी कधी पाहिले नव्हते. म्हणून त्या पंधरा दिवसांत आम्ही ते पाहिले. पुतण्याने पुस्तक उघडे ठेवून रांधायचे, मी तोंड मिटून बसायचे. जाऊबाईंनीही तोंड मिटून बसायचे असे ठरले होते. ते मात्र जमले नाही.

मराठी पाकपुस्तकांची परंपरा काही लहान नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली निघाले. म्हणजे मराठीतले हे आद्य छापील पाकपुस्तक एका गृहस्थाने लिहिले, हे जाऊबाईंना मी मुद्दाम ऐकवले. पुढे १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' मुंबईत प्रसिद्ध झाले. शाकाहारी आणि सामिष अशा दोन्ही स्वयंपाकांचा हा प्रचंड संग्रह. हजार पाकक्रिया एका बाईने जुळवून, लिहून, छापून घ्याव्यात ही गोष्टच तोंडात बोट घालावी अशी. परंतु ही मोठी पुस्तके मुळात कोणासाठी लिहिली गेली? माझ्या मते, जिला स्वयंपाक येतो तिच्यासाठी. वरण कसे करावे हे ज्या घरात सांगावे लागत नव्हते, त्या घरातली बाई नव्या पदार्थासाठी पुस्तक उघडी. तिला हवी असे ती नवलाई, आणि हजार हा आकडाच त्या नवलाईची जाहिरात होता. नवख्याला हजार पदार्थ नकोत. त्याला दहाच हवेत, पण चुकणार नाहीत असे.

त्यातून मापे बदलली. आमच्या आज्यांचा शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ९३३ ग्रॅम. पायली, शेर, छटाक यांच्यावर एक अख्खी पिढी वाढली. १९५८ पासून दशमान वजने येऊ लागली आणि १९६२ पर्यंत जुन्या वजनांचा व्यवहार कायद्याने संपला. त्याबरोबर जुन्या पुस्तकांतले प्रमाणही परके झाले. पुतण्याला 'छटाक' हा शब्द पत्त्याच्या डावातला वाटला. तेव्हा ही पुस्तके आज वाचावीत ती आदराने आणि कुतूहलाने. शेगडीशेजारी ठेवण्याचे त्यांचे दिवस गेले.

पहिली परीक्षा आम्ही घेतली ती एका नव्या, गुळगुळीत कागदाच्या, रंगीत चित्रांच्या पुस्तकाची. नाव सांगत नाही, कारण त्याच्यासारखी पुष्कळ आहेत. पुतण्याने पिठले करावयास घेतले. पुस्तक म्हणाले, 'चवीपुरते मीठ घालावे.' तो थांबला. "काकू, चव मला माहीत आहे, पण ती किती मिठाची असते?" प्रश्न खुळचट नव्हता. ज्याने कधी मीठ घातलेच नाही, त्याला चवीपुरते म्हणजे किती हे कसे कळावे? पुढे आले, 'फोडणी खमंग होऊ द्यावी.' ती खमंग होऊन, काळी होऊन, घरभर ठसका उठेपर्यंत तो पुस्तकातले पुढचे वाक्य वाचीत होता. मोहरी तडतडायची थांबली की लगेच जिरे, मग हिंग आणि हळद, आणि हळद पडली की दुसऱ्या क्षणी कांदा, कारण हळद जळायला वेळ लागत नाही, एवढे एक वाक्य तिथे असते तर आमचे डोळे वाचले असते. चित्रात मात्र पिठले मोठे देखणे होते. नवख्याला चित्र हवे ते तयार पदार्थाचे नव्हे, मधल्या अवस्थेचे. पदार्थ शेवटी कसा दिसतो हे तो जन्मभर ताटात पाहतच आला आहे!

दोन दिवसांनी 'रुचिरा' उघडली. कमलाबाई ओगले यांचे हे पुस्तक १९७० साली निघाले आणि मराठी घरांत असे पसरले की, लाखांनी सुनांची सासू अशी कमलाबाईंची ख्याती झाली. शाळा त्या फार शिकलेल्या नव्हत्या, आणि मला वाटते त्याचाही पुस्तकाला लाभच झाला. भाषा सरळ, वाक्य आखूड, कोठे मिरवणे नाही. परंतु त्यांची खरी करामत आहे ती वाटी-चमच्याच्या मापात. ज्या घरात तराजू नाही त्या घरातही वाटी असतेच, एवढाच तिचा अर्थ मी आजवर लावीत आले होते. पुतण्याने मला दुसरा दाखवला. तो म्हणाला, "पण काकू, तुमची वाटी मोठी, माझ्या खोलीवरची लहान. मग?" आणि मग आपणच म्हणाला, "एकच वाटी सगळ्याला वापरली तर फरक पडत नाही. एका वाटीला दोन वाट्या, म्हणजे दुप्पट. वाटी केवढीही असो."

अगदी खरे! ग्रॅमचे माप वस्तू मोजते. वाटीचे माप एका वस्तूचे दुसरीशी असलेले नाते सांगते. आणि स्वयंपाक म्हणजे तरी दुसरे काय? तांदळाला पाणी, रव्याला साखर, पिठाला मोहन. ही नाती एकदा हाताला कळली की दोघांचा स्वयंपाक आणि वीस जणांचा स्वयंपाक यांत भांड्याखेरीज फरक उरत नाही. वाटीच्या मापाने शिकलेला माणूस नकळत प्रमाण शिकतो, आणि प्रमाण शिकलेला माणूस पुढे पुस्तकावाचून रांधू शकतो. मात्र याच पद्धतीत एक मेख आहे. वाटी घरोघर बदलते, पण चमचा त्या मानाने बदलत नाही. मोठ्या वाटीने डाळ मोजून मीठ-तिखट लहान चमच्याने घातले तर नाते तुटते आणि भाजी अळणी होते. आमची एकदा झालीही. नवख्याने पहिल्या दिवशीच घरातली एक वाटी आणि एक चमचा ठरवून घ्यावा, आणि ती जोडी मोडू नये.

येथवर 'रुचिरा' पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली. मंगला बर्वे यांची 'अन्नपूर्णा' हीही अशीच घरोघर वापरली गेलेली, तिला मी तिच्याच पंगतीला बसवीन. दुर्गा भागवतांचे 'खमंग' मात्र मी नवख्याला देणार नाही. ते स्वयंपाक येऊ लागल्यावर वाचावयाचे. एवढ्या मोठ्या विदुषीला चुलीपुढचे ज्ञान हलके वाटले नाही, हे त्यातून कळले तरी पुष्कळ झाले.

आता आमच्या वर्ध्याचे गाऱ्हाणे. ते कोणा एका पुस्तकाविरुद्ध नाही. माझ्या फळीवरच्या सगळ्यांविरुद्ध आहे. ही पुस्तके मराठीत असली तरी त्यांचे हवापाणी पुण्या-मुंबईचे आहे. 'इडलीचे पीठ रात्रभर ठेवावे' हे वाक्य घ्या. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो आणि रात्रीही भिंती तापलेल्या असतात. आम्ही पीठ पुस्तकाप्रमाणे रात्रभर ठेवले. सकाळी ते पातेल्यातून उतरून ओट्यावर आले होते, आणि जे पातेल्यात उरले ते इतके आंबट की जाऊबाईंनी ते गाईपुढेही ठेवू दिले नाही. तेच पीठ डिसेंबरच्या थंडीत रात्र सरली तरी जागचे हलत नाही. 'रात्रभर' हे माप नव्हे. 'पीठ फुगून दीडपट-दुप्पट झाले आणि त्यावर बुडबुडे दिसले की झाले' हे माप; ते पुण्यासही चालेल, वर्ध्यासही.

हळदीचे तसेच. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या घरात येते. आता तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तिचा रंग आणि कस असा की, बाजारी पुडीतल्या हळदीच्या हिशेबाने सांगितलेला अर्धा चमचा आमच्या वरणाला कडवट करतो. तिखटाबद्दल तर बोलायलाच नको. ब्याडगी मिरचीचे दोन चमचे आणि भिवापुरी मिरचीचे दोन चमचे ही एकच गोष्ट समजणाऱ्याने आधी पाण्याचा तांब्या भरून ठेवावा.

आणि शब्द! मी मूळची अलिबागकडची. लग्न होऊन इकडे आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितले, "भाजी उतरली की वरून सांबार टाक." मुंबईच्या उडुपी हॉटेलातले सांबार मला ठाऊक. ते आता कोठून आणावे, या विचारात भाजी निवून गेली. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मला त्या दिवशी कळले. पुतण्यावर प्रसंग आला तो उलट बाजूने. पुण्यात त्याला आईच्या हातच्या कोहळ्याच्या बोंडांची आठवण झाली, म्हणून त्याने भाजीवालीकडे कोहळा मागितला. तिने पांढरा, राखी कोहळा उचलला आणि विचारले, "दुकानाला बांधायचाय का?" आमचे कोहळे म्हणजे तिकडचा लाल भोपळा, हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितले नव्हते. बरबटी म्हणजे चवळी, फल्ली म्हणजे शेंगदाणा, बेसन म्हणजे कधी पीठ आणि कधी चक्क पिठले. या शब्दांची एक पानभर यादी प्रत्येक मराठी पाकपुस्तकाच्या शेवटी असावी. एका भाषेचे पुस्तक एकाच भागाच्या मुलाला उपयोगी पडावे, हे त्या भाषेला शोभत नाही.

वडाभात, पाटोडीरस्सा, पुडाची वडी ही आमची मानाची पाने 'विदर्भाचे खास' म्हणून आताशा बऱ्याच ठिकाणी छापली जातात. पण कोणत्याही प्रांताचे खास पदार्थ सणाला होतात आणि जगवतात ते साधे पदार्थ. ज्वारीची भाकर, चून, आंबाडीची भाजी, वरणफळे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. म्हणून ते उकळत्या पाण्यात भिजवावे लागते, म्हणजे ते चिकटून येते. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, मग कितीही मळले तरी भाकर थापताना फाटतेच. पुतण्याच्या तीन भाकरी फाटल्या, तेव्हा तो स्वतःला दोष देऊ लागला. दोष पिठाचा होता. हे ज्या पुस्तकात लिहिलेले नाही ते पुस्तक नवख्याला नुसती कृती देत नाही, वर न्यूनगंडही देते.

येथे मला आमच्या गावाचाच दुसरा एक धडा आठवतो. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि कुमारप्पांच्या देखरेखीखाली त्याचे काम वर्ध्याच्या मगनवाडीत सुरू झाले. १९३५ मध्ये गांधीजी तेथे राहत असत आणि 'हरिजन'मधून हातसडीचा तांदूळ, गूळ, कच्चा पाला, सोयाबीन यांवर लिहीत असत. आज सोयाबीनने आमची शेते व्यापली आहेत. मगनवाडीच्या स्वयंपाकघरात मात्र तेव्हा ते प्रयोग म्हणून शिजत होते. पुढे १९३६ मध्ये ते शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला गेले आणि हे प्रयोग तेथेही चालू राहिले. आगाखान पॅलेसच्या तुरुंगवासात त्यांनी आरोग्यावरचे आपले छोटे पुस्तक लिहिले, त्यातही आहाराला मोठी जागा आहे. ही सगळी लिखापढी वाचली की ध्यानात येते, येथे प्रत्येक गोष्टीला 'का' आहे. तांदूळ पांढरा का करू नये, पाला का खावा, मसाला का नको. चव मात्र नाही! १९४२ च्या जूनमध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर आठवडाभर सेवाग्रामला राहिला. उकडलेल्या भाजीच्या त्याच त्या लगद्याला तो कसा कंटाळला, हे त्याने मोकळेपणाने लिहून ठेवले आहे.

म्हणजे मगनवाडीच्या पाकशास्त्रात कारण आहे, पण चव नाही. आमच्या पाकपुस्तकांत चव आहे, पण कारण नाही. नवख्याला दोन्ही हवे. चिंच किंवा टमाटर आधी घातले तर डाळ नीट शिजत नाही, कारण आंबटाने डाण्याचे कवच घट्ट राहते. म्हणून डाळ मऊ झाल्यावरच आंबट घालावे. एवढे कारण एकदा समजले की माणूस वरणात, सांबारात, आमटीत, पालकाच्या डाळीत, कोठेच चुकणार नाही. एका 'का'मध्ये वीस 'कसे' मिटतात. शिवाय सेवाग्रामच्या नई तालीममध्ये स्वयंपाकघर हाही एक वर्ग होता आणि त्यात मुलगे-मुली दोघेही काम करीत, हे जाऊबाईंना सांगितल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "मंग आता तं काही बोलताच येत नाही."

परंतु खरी मजा पुढेच झाली. पुतण्याने आईला विचारले, "तू वरणात मीठ किती टाकतेस?" "अंदाजानं." "अंदाज म्हणजे किती?" "अंदाज म्हंजे अंदाज!" तेव्हा त्याने एक युक्ती केली. वरणाला टाकायचे मीठ आधी बशीत काढायला लावले आणि सपाट चमच्याने मोजले. दीड चमचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. दीड चमचा. तिसऱ्या दिवशी डाळ थोडी जास्त होती. मीठही पावणेदोन चमचे निघाले. जाऊबाईंना ते मुळीच ठाऊक नव्हते. त्या स्वतःच बशीकडे पाहत राहिल्या.

मला वाटते, स्वयंपाक पुस्तकाने येत नाही या आक्षेपाचे उत्तर त्या बशीत होते. अंदाज हा मापाचा शत्रू नव्हे. चाळीस वर्षे तेच माप घातल्यावर जे बोटांत उतरते, त्याला आपण अंदाज म्हणतो. आईजवळ बसून शिकणाऱ्याला ते पाहून पाहून मिळे. ज्याची आई शेकडो किलोमीटर दूर आहे, त्याला ते चमच्याने मोजून सुरू करावे लागेल. पण पोहोचायचे दोघांनाही एकाच ठिकाणी. म्हणून नवख्याचे चांगले पुस्तक ते, जे काही वर्षांनी फळीवर धूळ खात पडते. जे जन्मभर उघडे ठेवावे लागते, ते शिकवण्यात कोठे तरी कमी पडले.

त्या दिवसापासून जाऊबाईंचा विरोध मावळला असे मी म्हणणार नाही. पण त्या मोजू देऊ लागल्या. पुतण्याने दोनशे पानी वही आणली. तिच्यात आमच्या घरची वाटी, वायगावची हळद, उन्हाळ्यातले पीठ, सरगुंडे, बोंडे असे चौदा पदार्थ चढले. प्रत्येकाखाली एक ओळ मी सक्तीने लिहून घेतली: 'बिघडले तर.'

दिवाळीचा आहेर म्हणून कोणी नवख्यासाठी पुस्तक घेणार असेल, तर दुकानात उभ्या उभ्या त्याने चकलीचे पान काढावे. मोहन फार झाले तर चकली तेलात विरते, कमी पडले तर दगड होते, तेल पुरते तापले नसेल तर ती तेल पिते, हे तेथे आहे का? अनारसा तुपात हसला तर पीठ फुकट न घालवता पुढे काय करावे, हे आहे का? साध्या वरणाला एक पूर्ण पान दिले आहे का? असेल तर निःशंक घ्यावे. नसेल तर 'रुचिरा' घ्यावी, आणि तिच्याबरोबर एक कोरी वही द्यावी. वही विसरू नये, कारण छापील पुस्तकात आपले गाव नसते.

पुतण्या पुस्तक आणि वही घेऊन परत गेला. परवा त्याचा फोन आला, खोलीवर चकल्या केल्या म्हणून. जाऊबाईंनी विचारले, "कशा झाल्या रे?" तो म्हणाला, "तुटल्या. मोहन जास्त झालं." क्षणभर थांबून जाऊबाई माझ्याकडे वळल्या. "ताई," त्या म्हणाल्या, "कायच्यानं तुटल्या ते तं त्याले समजलं."